लिस्बन पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनचं तिकीट काढलं की आपल्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते सारखे बदलतात, त्यामुळे त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघावेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे अडचणीचे.

१. लिस्बनसाठी किती दिवस ठेवावेत?

शहरासाठी पूर्ण तीन दिवस आणि राजवाड्यांच्या शेजारच्या सिन्त्रा गावासाठी एक वेगळा (प्रश्न २० पाहा). "युरोप दहा दिवसांत" छापाच्या सहलींमध्ये लिस्बनला दीड दिवस मिळतो. त्यात बेलेमला बसमधून उतरून फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही. तेवढाच वेळ असेल तर बेलेम आणि आल्फामा एवढंच करा, बाकीचं सोडून द्या.

२. मुख्य ठिकाणं एकमेकांपासून किती लांब आहेत?

तेजो नदी डोळ्यांसमोर ठेवली की शहर समजतं. मध्यभागी सपाट भाग आहे, तो बायशा. त्याच्या पूर्वेच्या टेकडीवर सांव जॉर्ज किल्ला आणि उतारावर आल्फामाच्या गल्ल्या. पश्चिमेच्या टेकडीवर शियादो आणि बाइरू आल्टू. एवढं सगळं पायी होतं, पोटऱ्यांची तयारी असेल तर. बेलेम मात्र नदीकाठाने सहा-सात किलोमीटर पश्चिमेला आहे. तिथे १५ नंबरची ट्रॅम जाते, किंवा काइश दु सोद्रे स्थानकावरून लोकल मिळते. लोकल जास्त सुटसुटीत. मत्स्यालय आणि नवं लिस्बन पार पूर्वेच्या टोकाला, ओरिएन्ट स्थानकाजवळ.

३. व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा. आधी दुसऱ्या शेंगेन देशात जाणार असाल, तरी जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. शिवाय लिस्बनमध्ये मुक्कामावर माणशी दर रात्री ४ युरो पर्यटनकर आहे, जास्तीत जास्त ७ रात्रींपर्यंत. १३ वर्षांखालच्या मुलांना तो नाही. हॉटेलच्या बिलात ही रक्कम पाहून अनेकजण दचकतात, म्हणून आधीच सांगितलं.

४. बेलेमच्या जेरोनिमोस मठाचं एवढं कौतुक का?

कारण तो आपल्याकडच्या मिऱ्यांवर उभा आहे, आणि हे अलंकारिक बोलणं नाही. मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधकाम काढलं तेव्हा आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के कराचा पैसा त्यात ओतला. जिथून वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी निघाला त्याच रेस्टेलूच्या किनाऱ्यावर हा मठ आहे. त्या जागी आधी खलाशांचं एक लहानसं प्रार्थनास्थळ होतं.

आत गेल्यावर खांबांकडे जवळून बघा. दगडात दोरखंड कोरलेत, त्यांच्या गाठीसुद्धा. मध्येच एखादा समुद्री प्राणी, एखादं पान, एखादा चेहरा. या शैलीला राजाच्या नावावरून मानुएलीन म्हणतात. मुख्य वेदीच्या बाजूला राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. युरोपातल्या चर्चमध्ये हत्तींनी तोललेले राजे पाहून आपला माणूस दोन मिनिटं तरी थांबतोच. महाकवी कामोंइश इथेच आहेत. आतल्या चौकाच्या ओवरीत कवी फर्नांदु पेसोआ आहेत, त्यांचे अवशेष १९८५ साली इथे आणले. १३ डिसेंबर २००७ रोजी युरोपीय संघाच्या लिस्बन करारावर सह्या याच मठात झाल्या.

५. मठाबाहेर तासभर रांग होती. काही पळवाट?

दोन दारं आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. चर्च वेगळं आणि ओवऱ्यांचा चौक वेगळा. मोठी रांग तिकिटाच्या चौकाची असते. चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे आणि कबरी व हत्ती तिथेच आहेत. प्रार्थना चालू असेल तर थोडं थांबावं लागतं. चौकही बघायचा असेल तर तिकीट ऑनलाइन काढा आणि उघडायच्या वेळी पोहोचा. सोमवारी जाऊ नका (प्रश्न १९).

६. वास्को द गामा तर कोचीत मेला ना? मग कबर लिस्बनला कशी?

दोन्ही खरं आहे. तिसऱ्या खेपेला तो व्हाइसरॉय म्हणून आला आणि २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं. कबरीची ती जागा आजही दाखवतात. १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, विदिगेरा गावी ठेवले, आणि एकोणिसाव्या शतकात राष्ट्रीय स्मारक म्हणून मठात आणले. चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला ती कबर आहे, बाजूला गलबत कोरलेलं. समोर उजवीकडे कामोंइश. त्याच्या कबरीत त्याचीच हाडं आहेत का, याबद्दल शंका आहे, कारण त्याला पुरलेलं चर्च १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं होतं.

७. बेलेमचा बुरूज पूर्वी नदीच्या मधोमध होता आणि भूकंपाने नदी सरकली, असं गाइड म्हणाला. खरं का?

नाही. पण ही कथा लिस्बनमध्येही सर्रास ऐकवतात. १५१४ च्या सुमारास फ्रान्सिश्कु द आर्रूदाने बांधायला घेतलेला हा बुरूज उत्तर काठाजवळच्या एका लहान खडकाळ बेटावर होता. पुढे काठाकडून भर पडत गेली आणि जमीनच बुरुजापर्यंत येऊन पोहोचली. नदी जिथल्या तिथे आहे.

बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. माझं मत विचाराल तर आत शिरणं तसंही गरजेचं नाही. जिना अरुंद, खोल्या रिकाम्या. खरी कारागिरी बाहेरून दिसते.

८. बुरुजावर गेंडा कोरलाय म्हणतात. कुठे शोधायचा?

पश्चिमेकडच्या बाजूला जा आणि कोपऱ्यावरच्या टेहळणी घुमटीच्या तळाशी बघा. नदीच्या खाऱ्या वाऱ्याने तो इतका झिजलाय की आधी नुसता दगडाचा गोळा वाटतो. नजर स्थिरावली की डोकं ओळखू येतं.

गोष्ट त्याहून रंगतदार. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहाने हा गेंडा अफोन्सो द अल्बुकर्कला भेट दिला, त्याने तो गोव्याहून मानुएल राजाकडे रवाना केला. २० मे १५१५ रोजी गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपाने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, आणि हत्ती पळून गेला. पुढे पोपला नजराणा म्हणून त्याला इटलीकडे पाठवलं, वाटेत जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला गेंडाही गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला कधीच पाहिलं नव्हतं. ऐकीव वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याने लाकडी ठशाचं जे चित्र काढलं, तेच पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपात गेंड्याचं अधिकृत रूप मानलं गेलं. पाठीवर चिलखत आणि मानेवर एक जादा शिंग अशा थाटात.

९. नदीकाठच्या त्या मोठ्या जहाजाच्या स्मारकावर कोण कोण आहेत? आणि गोव्याच्या माणसाने तिथे फोटो काढावा का?

ते पद्रांव, म्हणजे सागरी शोधांचं स्मारक. १९४० च्या प्रदर्शनासाठी आधी तात्पुरतं उभारलं होतं, १९६० मध्ये पक्क्या बांधकामात पुन्हा केलं. दोन्ही वेळा सत्ता हुकूमशहा सालाझारची होती, आणि स्मारकातली ऐट त्याच राजवटीची आहे. जुनं वाटतं, पण आपल्या मुंबईच्या गेटवेपेक्षा ते वयाने लहान आहे. गलबताच्या नाळेवर हेन्री राजपुत्र, मागे दोन्ही बाजूंना ओळीने खलाशी, राजे, नकाशाकार, धर्मगुरू. वास्को द गामा आहे, अल्बुकर्क आहे, आणि ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे तो सेंट फ्रान्सिस झेवियर, गोव्याचा सायबही आहे. बाई एकच, हेन्रीची आई फिलिपा.

फोटोबद्दल. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० ते १९६१ म्हणजे ४५१ वर्षं होती आणि हे स्मारक पक्कं झालं त्यानंतर जेमतेम वर्षभराने ती संपली. स्मारकाच्या दगडात जिंकलेल्यांची बाजू कुठेही नाही. खुद्द पोर्तुगालमध्ये आता "शोध" या कल्पनेवर जोरदार वाद चालतात, तेव्हा आपण गप्प राहून भारावून जायची गरज नाही. फोटो जरूर काढा. समोरच्या फरसबंदीवर दक्षिण आफ्रिकेने भेट दिलेला भलामोठा होकायंत्राचा नकाशा आहे. त्यावर मुलांना गोवा शोधायला लावा.

१०. १७५५ च्या भूकंपात सगळं गेलं म्हणतात. मग जुनं काय उरलं?

लिस्बनमधली कुठलीही इमारत बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: आधीची की नंतरची? १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी चर्चमध्ये गर्दी आणि वेदीवर मेणबत्त्या. जमीन हादरली, मग नदीतून त्सुनामी आली, आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा ग्रंथालयासकट नाहीसा झाला. आज तिथे प्रासा दु कोमेर्सियु हा पिवळ्या कमानींचा प्रशस्त चौक आहे. जुने लिस्बनकर अजून त्याला "राजवाड्याचं पटांगण" म्हणतात.

पुनर्बांधणी राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्केझने केली. बायशातले काटकोनातले रस्ते त्याचे. तिथल्या घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरा आहे, फुलीच्या आकाराच्या तिरक्या तुळयांचा, भूकंपात भिंत लवचीक राहावी म्हणून. नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून त्याची चाचणी घेतली, असं सांगतात.

वाचलेल्यांत बेलेमच्या दोन्ही वास्तू, आल्फामाचा बराच भाग आणि पाण्याचा प्रचंड जलसेतू येतात. अर्धवट वाचलेलं सगळ्यात बोलकं ठिकाण म्हणजे कार्मूचा मठ. छप्पर पडलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानींच्या फासळ्या आणि वर उघडं आकाश. याच कार्मूच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानु शरण आला.

आणि एक ठिकाण यादीत सहसा नसतं: रोसियो चौकालगतचं सांव दोमिंगुश चर्च. भूकंपात मोडलं, उभं केलं, १९५९ मध्ये आतून जळलं. नंतर उघडलं, पण जळके, तडकलेले खांब तसेच ठेवले. बाहेर १५०६ साली झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. रोसियोवर आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० पासून चाललेल्या इन्क्विझिशनची सूत्रं लिस्बनहूनच हलत. हे ठाऊक असलं की त्या चौकातली कॉफी जरा वेगळी लागते.

११. सांव जॉर्ज किल्ला तिकीट काढून बघण्यासारखा आहे का?

आपल्याकडचे राजगड-रायगड चढलेल्यांना तो किरकोळ वाटेल, आधीच सांगते. मुळात तो मुस्लिम राजवटीचा. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रीकेश याने क्रुसेडरांच्या मदतीने घेतला. पण आज दिसणारे बुरूज-तट बऱ्याच अंशी १९३८ ते १९४० मधल्या डागडुजीत उभे राहिले आहेत. आत मोर हिंडतात, वरून दृश्य सुरेख. निव्वळ दृश्यच हवं असेल तर सेन्योरा दु मोन्ति किंवा सान्ता लुझियाच्या सज्जावर जा, तिथे पैसे पडत नाहीत. सान्ता लुझियाला निळ्या फरशांवर भूकंपाआधीचा नदीकाठचा चौकही रंगवलेला आहे.

१२. सान्ता जुस्ता लिफ्ट आयफेलनेच बांधली ना?

नाही, राउल मेनिए दु पोन्सार याने. लोखंडी जाळीकाम पाहून लोक आयफेलचं नाव घेतात. १९०२ मध्ये सुरू झाली तेव्हा वाफेवर चालायची. ४५ मीटर उंच. रांगेत ताटकळण्यापेक्षा शियादोच्या बाजूने चालत कार्मूच्या चौकात या आणि मागच्या पुलावरून तिच्या माथ्याजवळ पोहोचा.

१३. २८ नंबरच्या ट्रॅममध्ये बसावं का? फ्युनिक्युलरचं काय झालं?

ट्रॅममध्ये बसा, पण वेळ निवडून. मार्तिम मोनिझला दुपारी दीड-दोन तास रांग असू शकते. सकाळी लवकर, किंवा दुसऱ्या टोकाच्या कांपु द औरीकहून चढा. गाडी १९३० च्या दशकातली, आत लाकडी, रुळांमधलं अंतर जेमतेम ९० सेंटिमीटर. आल्फामाच्या एका गल्लीत ती इतकी भिंतीला घासून जाते की चालणारी माणसं दारांच्या चौकटीत अंग चोरून उभी राहतात. ही गंमत रस्त्यावर उभं राहूनही बघता येते.

खिसेकापू याच ट्रॅममध्ये सर्वाधिक. पासपोर्ट हॉटेलवर, पाकीट पुढच्या खिशात, पाठीवरची पिशवी पोटावर. "लिस्बन सुरक्षित आहे का?" या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही हेच: अंगावर येणारी माणसं क्वचित, खिशात हात घालणारी भरपूर.

फ्युनिक्युलर म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्या. त्यातली १८८५ पासूनची ग्लोरिया ३ सप्टेंबर २०२५ रोजी दोर सुटल्याने कोसळली, १६ माणसं गेली. त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या. कोणती चालू आहे ते त्या दिवशी तिथे विचारा. जुन्या लेखांवर विसंबू नका.

१४. बरोबर सासूबाई आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. झेपेल का?

निवडून केलंत तर नक्की. बेलेम पूर्ण सपाट आहे, नदीकाठ आणि बायशाही. किल्ल्यासाठी प्रासा द फिगेराहून ७३७ नंबरची बस थेट वर जाते. बायशातून वर चढायला दोन सार्वजनिक लिफ्ट आहेत, एक रुआ दुश फांकेरुशवरच्या इमारतीत, दुसरी थोडं पुढे सुपरमार्केटच्या इमारतीत. दोन्ही फुकट. खरी भीती चढाची नाही, पांढऱ्या दगडी फरसबंदीची. पावसात ती साबणासारखी होते. चामडी तळव्याच्या चपला नकोत, रबरी तळवे हवेत.

१५. तो लाल पूल सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीनेच बांधलाय का? आणि चालत जाता येतं?

गोल्डन गेटसारखा दिसतो म्हणून गोंधळ होतो. बांधणारी अमेरिकन कंपनी त्या शहरातल्या दुसऱ्याच, बे ब्रिजच्या कामात होती. पूल १९६६ मध्ये सालाझारच्या नावाने खुला झाला, १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचं नाव "२५ एप्रिल" पडलं. चालत जायला बंदी आहे. पलीकडच्या ख्रिस्तराजाच्या पुतळ्याकडे (१९५९) जायला काइश दु सोद्रेहून काशिल्याशची फेरी बोट घ्या आणि पुढे बस. बोटीचा दहा मिनिटांचा प्रवासच मला पुतळ्यापेक्षा जास्त आवडतो.

१६. पाश्तेल द नाता (कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री) शाकाहारी असतं का?

अंड्याचं पिवळं हाच त्याचा प्राण, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांसाठी नाही. पापुद्र्यात काही ठिकाणी चरबी वापरतात, तेव्हा विचारून घ्या. बेलेमचं जुनं दुकान १८३७ पासूनचं. मठ बंद झाल्यावर तिथली कृती बाहेर आली, ती आजही गुप्त आहे. बाहेरची रांग नेण्यासाठी घेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांच्या ऐसपैस खोल्या आहेत, सरळ आत जाऊन बसा. वर दालचिनी भुरभुरवून गरमच खा.

१७. शुद्ध शाकाहारी जेवणाचं काय?

पोर्तुगीज जेवण मासळीचं. कोबीच्या सूपमध्येही सॉसेजची चकती असते, ती नको म्हणून सांगावं लागतं. लुमियारजवळ राधाकृष्ण मंदिर आहे. तिथला समाज मुख्यतः गुजराती, मोझांबिक आणि दीवमार्गे आलेला. मंदिराच्या आवारात शाकाहारी जेवण मिळतं. मासे-मटण चालत असेल तर गोव्याच्या पद्धतीची शाकुती देणारी हॉटेलं शोधा. आणि जवळपास प्रत्येक कॅफेच्या काचेआड "शमुसा" दिसेल. तो आपला समोसा, पण आत बहुधा मांस असतं.

१८. लिस्बोआ कार्ड फायद्याचं का? रविवारी संग्रहालयं फुकट असतात ना?

दिवसाला दोन तिकिटांची ठिकाणं आणि भरपूर ट्रॅम-मेट्रो होणार असेल तरच. कार्ड असलं म्हणून रांग चुकते असं समजू नका. निवांत फिरणाऱ्यांनी अर्ध्या युरोचं नावेगांत कार्ड घेऊन त्यात पैसे भरावेत. ते माणशी एक लागतं, एकावर दोघांना जाता येत नाही. मोफत दिवसांची सवलत आता पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांनाच आहे.

गोव्याशी संबंधित वस्तू पाहायच्या तर आल्कांतारातलं पूर्वेचं संग्रहालय घ्या. सुकवलेल्या कॉड माशाच्या जुन्या गोदामात ते २००८ पासून आहे. शिवाय प्राचीन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. तिथे १५०६ चं सोन्याचं "बेलेमचं कुस्तोदिया" (चर्चमधली पवित्र भाकर ठेवायचं पात्र) आहे, वास्को द गामाने दुसऱ्या खेपेत पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या राजाकडून वसूल केलेल्या सोन्याचं.

१९. कोणत्या दिवशी काय बंद?

बेलेमचा मठ, बुरूज आणि बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून आणि २५ डिसेंबर यादिवशीही. १३ जून सेंट अँथनीचा. तो पाद्वाचा म्हणून ओळखला जातो, पण जन्माने लिस्बनचा. आदल्या रात्री आल्फामात रस्त्यावर सार्डिन भाजतात आणि पहाटेपर्यंत नाच चालतो. झोप प्यारी असेल तर त्या रात्री आल्फामात खोली घेऊ नका.

२०. सिन्त्रा एका दिवसात होतं का?

होतं, पण दोनच वाडे धरा. रोसियोहून लोकलने साधारण ४० मिनिटं. पेना राजवाड्यासाठी वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, आणि तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते. बागेच्या फाटकापासून वर पोहोचायला अर्धा तास धरा, त्यातच लोक चुकतात.

अभ्यासूंसाठी एक: भारतातला व्हाइसरॉय दों जुआंव द कास्त्रू याची पेन्या व्हेर्दे ही वाडी सिन्त्रातच आहे. सोमनाथ पाटणहून आलेला तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख तिथेच नेला गेला, आणि म्हणून अभ्यासक त्याला "सिन्त्रा प्रशस्ती" म्हणतात. मात्र ती वाडी खासगी मालमत्ता आहे. फाटकावर जाऊन घंटा वाजवू नका.